नावापेक्षा आकडा मोठा

'ध' चा 'मा' करणे हा वाक्प्रचार आपण सर्वांनी शाळेत शिकलेला आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पत्रातील 'धरावे' या शब्दाचे कोणीतरी 'मारावे' केले आणि त्यातून हा प्रसंग ओढवला, अशी आख्यायिका आहे. ती खरी की खोटी, हे आपल्या इतिहासाच्या सरांनी सांगावे. पण एका अक्षराने केवढा अनर्थ होऊ शकतो, हे मराठी माणसाला वेगळे सांगावयास नको. आजच्या काळात तसाच अनर्थ एका आकड्याने होतो, आणि तो कोणा पेशव्याच्या वाड्यात नव्हे, तर तुमच्या-माझ्या घरात होतो. परदेशातून पैसे मागविताना किंवा परदेशी पाठविताना बँकेचा तपशील चुकतो, त्याविषयी चार गोष्टी मी या लेखात मांडणार आहे.

विषय रुक्ष वाटेल. पण आपल्या वर्गात डोळे फिरवून पाहा. कोणाचा भाऊ दुबईला आहे, कोणाचे वडील कतारला, कोणाचे मामा जहाजावर. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीप्रमाणे २०२३-२४ या वर्षात परदेशस्थ भारतीयांकडून देशात सुमारे ११,८७० कोटी डॉलर आले, आणि त्यात सर्वांत मोठा, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा, महाराष्ट्राचा होता. या आकड्याच्या पोटात कोणाची फी आहे, कोणाचे औषध आहे, कोणाच्या बहिणीचे लग्न आहे. शिवाय आमच्यासारख्या घरांतून, जेथे कॉलेजची पायरी चढणारे आपणच पहिले, तेथे फॉर्म भरण्याचे काम आपल्याकडेच येते. आपण घरचे कारकून होतो. तेव्हा कारकुनाला आपले काम नीट आले पाहिजे.

पोस्टमन आणि यंत्र

आमच्या कोकणाला एकेकाळी 'मनीऑर्डरवर चालणारा मुलूख' म्हणत. मुंबईच्या गिरणीतून चाकरमान्याने पाठविलेले पैसे पोस्टमन घेऊन येई. पाकिटावर गावाचे नाव चुकले, आडनावात एखादे अक्षर कमी पडले, तरी फारसे बिघडत नसे. पोस्टमन माणसाला ओळखत असे. आजीने अंगठा उठविला की पैसे तिच्या हातात पडत.

यंत्र माणसाला ओळखत नाही, ते आकड्याला ओळखते. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१० मध्ये बँकांना कळविले की, इलेक्ट्रॉनिक मार्गाने आलेली रक्कम केवळ खाते क्रमांक पाहून जमा करता येईल, आणि अचूक क्रमांक देण्याची जबाबदारी पैसे पाठविणाऱ्याची राहील. परदेशातील एक्स्चेंजमधून पाठविलेली रक्कम बहुधा भारतातील एका बँकेत उतरते आणि तेथून एनईएफटीसारख्या मार्गाने आपल्या खात्याकडे निघते. म्हणजे दर्यापार कितीही काळजी घेतली असली, तरी शेवटच्या टप्प्यावर क्रमांकाचेच राज्य असते. फॉर्मवर नाव सुवाच्य लिहिले आहे, मग क्रमांकात थोडे इकडेतिकडे झाले तर चालेल, ही समजूत म्हणूनच धोक्याची आहे.

पत्ता कसा वाचावा?

खात्याच्या पत्त्याचे तीन भाग आहेत. ते समजून घेतले तर अर्ध्या चुका टळतात.

पहिला आयएफएससी. हा भारतातल्या भारतात शाखेचा पत्ता आहे. यात अकरा चिन्हे असतात. पहिली चार अक्षरे बँकेची, उदाहरणार्थ स्टेट बँकेची 'एस, बी, आय, एन'. पाचव्या जागी नेहमी शून्य असते. पुढील सहा चिन्हे शाखेची. हे पाचवे शून्य लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण पुष्कळ जण तेथे इंग्रजी 'ओ' अक्षर लिहून मोकळे होतात.

दुसरा स्विफ्ट कोड. स्विफ्ट ही बँकांमध्ये निरोप पोचविणारी संस्था १९७३ साली बेल्जियममध्ये स्थापन झाली. म्हणजे नारायणरावांच्या खुनाला बरोबर दोनशे वर्षे झाली, तेव्हा अक्षरांचे महत्त्व जगाच्या बँकांनाही पटले म्हणावयाचे! हा कोड आठ किंवा अकरा अक्षरांचा असतो: चार बँकेची, दोन देशाची, दोन ठिकाणाची, आणि हवी असल्यास शेवटची तीन शाखेची. भारतीय बँकेच्या कोडात पाचवे व सहावे अक्षर 'आय' आणि 'एन' असलेच पाहिजे. आपल्या गावच्या शाखेला स्वतःचा स्विफ्ट कोड नसणे अगदी स्वाभाविक आहे. अशा वेळी बँकेच्या मुख्य किंवा परकीय चलनाचे काम करणाऱ्या शाखेचा कोड वापरतात. तो शाखेतच विचारून घ्यावा, अंदाजाने लिहू नये. आणि ज्यांचे खाते पतसंस्थेत आहे त्यांनी आधी चौकशी करावी, कारण अनेक पतसंस्थांना स्वतःचा आयएफएससीही नसतो.

तिसरा आयबॅन. युरोपात आणि आखातात खाते क्रमांक या स्वरूपात लिहितात. त्याची लांबी देशागणिक ठरलेली आहे: जर्मनीत २२, संयुक्त अरब अमिरातीत २३, सौदी अरेबियात २४, कतारमध्ये २९, कुवेतमध्ये ३०. भारतात आयबॅन नाही. तरीसुद्धा फॉर्मवर तो रकाना दिसला की काही जण तेथे पासबुकावरचा कोणता तरी लांबलचक आकडा भरतात. तसे करू नये.

पासबुकाच्या पहिल्या पानावर आकड्यांची गर्दी असते, तिचाही घोटाळा होतो. खाते क्रमांक वेगळा, ग्राहक क्रमांक वेगळा. स्टेट बँकेत हे दोन्ही अकरा आकडी असतात, म्हणून लांबीवरून फरक कळत नाही. धनादेशाच्या तळाशी असलेला नऊ आकडी एमआयसीआर हा तर धनादेश वटविण्यासाठी असतो, परदेशातून पैसे मागविण्यासाठी नव्हे.

चूक पकडणारे गणित

आयबॅनमध्ये एक गंमत आहे, आणि कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही ती समजेल. देशाच्या दोन अक्षरांनंतर येणारे दोन आकडे हे राखणदार असतात. संपूर्ण आयबॅन ठराविक रीतीने फिरवून, अक्षरांचे आकडे करून ९७ ने भागला, तर बाकी १ उरली पाहिजे. उरली नाही, तर कोठे तरी चूक आहे.

लहानसे उदाहरण घेऊ. समजा मूळ क्रमांक ४३१२ आहे. त्याच्यापुढे ६३ हे राखणदार बसविले की ४३१२६३ होतात. यास ९७ ने भागा, बाकी १ उरते. आता घाईत मधले दोन आकडे उलटे पडले आणि ४१३२६३ झाले, तर बाकी ४३ उरते. यंत्र तेथल्या तेथे फॉर्म परत करते. एक आकडा चुकणे किंवा शेजारचे दोन आकडे उलटे पडणे या नेहमीच्या चुका या हिशेबातून सुटत नाहीत.

पण आपल्या आयएफएससीला असा राखणदार नाही. खाते क्रमांकांची रचना आणि लांबीही बँकेबँकेत वेगळी आहे, त्यामुळे परदेशातल्या कारकुनाला नुसते पाहून चूक कळण्याचा मार्ग नाही. जेथे यंत्र राखण करीत नाही, तेथे आपणच करावयाची.

आपल्या लिपीचा सापळा

येथे एक खास आपल्या मुलखातील चूक सांगितली पाहिजे. आपला मराठी ४ हा इंग्रजी आठासारखा दिसतो आणि मराठी १ हा इंग्रजी नवासारखा. घरातील वडीलधारी माणसे आकडे मराठीत लिहितात, आणि समोरचा कारकून मराठी नसला की तो ते इंग्रजी समजून वाचतो.

आमच्याच घरी २०२३ साली हे घडले. दादा मस्कतला वेल्डर आहे. पावसाळ्यापूर्वी घराचे छप्पर बदलावयाचे म्हणून त्याने मे महिन्यात पैसे पाठविले. आईचा खाते क्रमांक आजोबांनी सुंदर मराठी आकड्यांत चिठ्ठीवर लिहून त्याच्याबरोबर दिला होता. तेथील कारकुनाने त्यातील ४ चा आठ वाचला. सुदैवाने त्या क्रमांकाचे खातेच नव्हते, म्हणून रक्कम परत फिरली. पण ती आधी भारतातील बँकेकडे, मग मस्कतच्या एक्स्चेंजकडे गेली. दादा कामावर दूर, फोन लागेना. पुन्हा चलन बदलले, पुन्हा शुल्क कापले. तेवीस दिवसांनी पैसे हाती आले तेव्हा मिरग लागून आठवडा होऊन गेला होता. तो पावसाळा आम्ही ताडपत्रीखाली काढला. आजोबांचे अक्षर वाईट नव्हते, आणि कारकुनाचे डोळेही अधू नव्हते. दोन लिप्यांच्या मध्ये आमचे छप्पर अडकले, एवढेच.

नावाचे काय?

क्रमांक मोठा म्हटले म्हणून नाव वाऱ्यावर सोडू नये. रक्कम रोख उचलावयाची असेल तेथे, आणि बँकेला शंका आली तेथे, नाव पाहिले जाते. 'दीपक' हे नाव मराठीत एकाच रीतीने लिहितात, इंग्रजीत मात्र दोन-तीन तऱ्हांनी. लग्नानंतर बायकांचे पासबुक माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या नावाने असे होते. मधले नाव कोठे असते, कोठे नसते. नियम सोपा आहे: नाव आपल्याला कसे आवडते तसे नव्हे, बँकेत जसे आहे तसेच, अक्षरन् अक्षर लिहावे.

आता या बाबतीत थोडी सुधारणा होत आहे. रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४ रोजी बँकांना सांगितले की, १ एप्रिल २०२५ पर्यंत आरटीजीएस व एनईएफटी करणाऱ्यास पैसे पाठविण्यापूर्वी खातेदाराचे नाव पाहण्याची सोय द्यावी. ही सोय देशातल्या देशात पैसे पाठविणाऱ्यासाठी आहे. मस्कतच्या खिडकीवर उभ्या राहिलेल्या माणसाने आपल्या कागदावरच भरवसा ठेवावा.

जुना कोड हीसुद्धा एक चूक. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या, आणि त्यांचे जुने आयएफएससी १ मार्च २०२१ पासून बंद झाले. गावात लोक अजून 'देना बँकेत जाऊन येतो' म्हणतात. तोंडी हे चालते, फॉर्मवर चालत नाही.

चूक झालीच तर

खातेच अस्तित्वात नसेल तर रक्कम उशिरा का होईना, परत येते. पण चुकीचा क्रमांक दुसऱ्या कोणाचा खराखुरा निघाला, तर प्रकरण अवघड होते. बँक त्या माणसाच्या खात्यातून आपण होऊन पैसे काढून देत नाही, त्याची संमती लागते. मात्र कायदा आपल्या बाजूला आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ७२ सांगते की, चुकून मिळालेला पैसा ज्याला मिळाला त्याने परत केला पाहिजे. म्हणून गप्प बसू नये. पाठविणाऱ्याने त्याच दिवशी पावती घेऊन पाठविलेल्या ठिकाणी लेखी तक्रार करावी, व्यवहाराचा संदर्भ क्रमांक मागावा. इकडे आपण आपल्या शाखेत तो क्रमांक देऊन अर्ज करावा व पोच घ्यावी. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. पावती फेकून दिली असेल, तर मात्र यातले काहीच धड होत नाही.

काही नियम

१. खाते क्रमांक पासबुक किंवा धनादेशावरूनच उतरवावा, आठवणीवरून किंवा जुन्या चिठ्ठीवरून नव्हे.

२. इंग्रजी आकडे, इंग्रजी मोठी अक्षरे. चार-चार आकड्यांचे गट पाडून लिहावे.

३. एकाने वाचावे, दुसऱ्याने ताडावे. मग उलट, शेवटाकडून सुरुवातीकडे पुन्हा ताडावे. सरळ वाचताना डोळा पुढचे गृहीत धरतो, उलट वाचताना त्याला थांबावे लागते.

४. मोठी रक्कम असेल तर आधी थोडे पैसे पाठवून ते पोचले का पाहावे. शुल्क दोनदा पडेल, पण झोप लागेल.

५. 'आमचा खाते क्रमांक बदलला आहे' असा निरोप आला, तर त्या माणसाला स्वतः फोन करून त्याच्या आवाजात खात्री करून घ्यावी. असे निरोप ठकही पाठवितात.

६. खाते चालू ठेवावे. दोन वर्षे खातेदाराने व्यवहार केला नाही, तर ते निष्क्रिय धरले जाते.

मित्रमैत्रिणींनो, या सुट्टीत घरी जाल तेव्हा एक काम करा. एका कोऱ्या कागदावर घरच्या खात्याचा क्रमांक, आयएफएससी, स्विफ्ट कोड आणि बँकेतले नाव स्वच्छ इंग्रजीत लिहा. शाखेत जाऊन तो ताडून घ्या, त्यावर तारीख घाला, त्याचा फोटो परदेशातल्या माणसाला पाठवा आणि जुन्या चिठ्ठ्या फाडून टाका. अर्ध्या तासाचे काम आहे. घाम गाळून मिळविलेला पैसा आणि आपले घर यांच्यामध्ये आता पोस्टमन राहिलेला नाही. त्याचे ओळखण्याचे काम आपण शिकलेल्या पोरांनी करावयाचे आहे.

— द्वितीय वर्ष, कला