ढगात मीठ पेरण्याआधी

जुलैमध्ये पावसाने ओढ दिली, अमळनेर-पारोळ्याकडची कपाशी माना टाकू लागली, साक्री-शिंदखेड्यात दुबार पेरणीची धास्ती पसरली, की कृत्रिम पावसाची मागणी हमखास होते. त्यात गैर काही नाही. मात्र विमान वर गेल्यावर नेमके काय होते आणि गाडे कुठे अडते, हे आपल्याला ठाऊक असलेले बरे.

आधी ढग हवा. विमान ढग तयार करत नाही, आलेल्या ढगाला बरसायला मदत करते. तो ढग किलोमीटरभराहून जाड, पाण्याने भरलेला आणि अजून वर चढणारा असावा लागतो. खान्देशचा बराच भाग पर्जन्यछायेत, म्हणजे डोंगराआडच्या कमी पावसाच्या पट्ट्यात येतो. उघडिपीत असे ढग आणखी दुर्मीळ होतात. 2015 आणि 2019 मध्ये मराठवाड्यासाठी औरंगाबादहून विमाने उडाली, तीही ऑगस्टमध्ये. दुष्काळ दिसल्यावर धावाधाव करायची, तर चांगले ढग तोवर निघून गेलेले असतात.

मग पेरणी. ढगातले थेंब इतके बारीक असतात की ते तरंगतच राहतात. विमानाच्या पंखांना लावलेली नळकांडी ढगाच्या तळाशी पेटवली, की धुरातले क्षारांचे कण वर चढणाऱ्या हवेबरोबर आत ओढले जातात. क्षार ओलावा धरतात, थेंब वाढतात, एकमेकांवर आदळून जड होतात आणि खाली येतात. फार उंच ढगांत शून्य अंशाखालीही न गोठलेले पाणी असते. तिथे सिल्व्हर आयोडाइड वापरतात, कारण त्याच्या स्फटिकांची ठेवण बर्फासारखी असल्याने पाणी त्यांच्यावर गोठते. मात्र ढग वाऱ्याबरोबर पुढे सरकत असतो. ज्या शिवारावर पेरले तिथेच पाऊस पडेल, याची खात्री कोणीच देऊ शकत नाही.

खरी अडचण मोजणीची आहे. विमान गेले आणि पाऊस आला, तर तो विमानामुळे आला की येणारच होता? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने 1973 ते 1986 दरम्यान बारामती परिसरात अकरा पावसाळे मीठ पेरून पाहिले. तेव्हा पाऊस सुमारे 24 टक्क्यांनी वाढल्याचा निष्कर्ष निघाला. याच संस्थेने सोलापुरात 2018 आणि 2019 मध्ये 276 ढग अभ्यासले. त्यांतले काही पेरले, काही मुद्दाम तसेच सोडले, आणि निवड चिठ्ठ्या टाकाव्यात तशी केली. पेरलेल्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेने सुमारे 100 चौरस किलोमीटरमध्ये सरासरी 18 टक्के जास्त पाऊस आढळला. म्हणजे 10 मिलिमीटर पडणार असेल तर सुमारे 12 पडेल. काहीच पडणार नसेल तर काहीच नाही. म्हणून आपल्या तालुक्यात असा प्रयोग जाहीर झाला, तर तुलनेसाठी कोणते ढग न पेरता सोडणार, हे आधी विचारावे. त्याचे उत्तर नसेल तर यशाचा दावा तपासताच येत नाही.

आता हीच अनिश्चितता पृथ्वीएवढी मोठी करून पाहा. भू-अभियांत्रिकी म्हणजे पृथ्वीचे हवामान जाणूनबुजून बदलणे. त्यातली सर्वांत चर्चेतली कल्पना अशी: वातावरणाच्या वरच्या थरात गंधकाचे कण सोडायचे आणि थोडे ऊन परत पाठवायचे. 1991 मध्ये फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीने सुमारे दीड कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला आणि जग वर्ष-दोन वर्षे जवळपास अर्ध्या अंशाने थंडावले. पण 1992 मध्ये जगभरच्या जमिनीवरचा पाऊसही घटला. जमीन तापते, समुद्र त्या मानाने थंड राहतो, या फरकावर आपला मोसमी पाऊस चालतो. ऊन कमी केल्यावर खान्देशात किती पडेल, हे आज कोणतेही गणित छातीठोकपणे सांगत नाही. इथे तुलनेसाठी बाजूला ठेवायला दुसरी पृथ्वीही नाही.

शिवाय कार्बन डायऑक्साइड हवेत तसाच राहतो. वर्षानुवर्षे गंधक सोडून अचानक थांबलो, तर दाबून ठेवलेली तापमानवाढ थोड्याच वर्षांत उसळते. निर्णय कोणी घ्यायचा, यावरही जगात एकमत नाही. 2022 मध्ये एका अमेरिकी कंपनीने परवानगीविना मेक्सिकोतून गंधकाचा वायू भरलेले फुगे सोडले. जानेवारी 2023 मध्ये मेक्सिकोने अशा प्रयोगांवर बंदी आणण्याचे जाहीर केले.