तिसऱ्याला विचारल्याशिवाय

पिंपरी-चिंचवडहून गोव्याला निघालेल्या गाडीत निपाणीच्या अलीकडे एक वाद ठरलेला असतो. आंबोलीने उतरायचं की चोर्ल्याने? चोर्लावाले जिंकले तर गाडी बेळगाव, जांबोटी, कणकुंबी करत घाटमाथ्यावर येते आणि साखळीच्या दिशेने उतरायला लागते. त्याच परिसरातल्या रानात महाराष्ट्र, कर्नाटक आणि गोवा एका बिंदूत मिळतात. खानापूर तालुक्यातलं चोर्ला, दोडामार्गातलं विर्डी आणि सत्तरीतलं सुर्ला या गावांच्या शिवारांचा हा टापू. पावसाळ्यात गाड्या थांबतात त्या धबधब्यांसाठी. शीव बघायला कोणी थांबत नाही.

आज ही तीन राज्यांची शीव आहे, पण १९ डिसेंबर १९६१ पर्यंत तिची एक बाजू चक्क पोर्तुगालची होती. सत्तरी अठराव्या शतकात पोर्तुगीजांच्या ‘नव्या काबिजादी’त गेली. विर्डीकडची बाजू सावंतवाडी संस्थानाची, चोर्ल्याकडची ब्रिटिशांच्या बेळगाव जिल्ह्याची. म्हणजे लिस्बन, लंडन आणि सावंतवाडीचा राजवाडा अशा तीन सत्ता या जंगलात एकमेकींना भिडत होत्या. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, १९५६ मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, गोवा मुक्त झाला आणि १९८७ मध्ये राज्य बनला. रेषा साधारण त्याच राहिल्या, मालक बदलत गेले.

मालकीचा प्रश्न अजून संपलेला नाही. बेळगावच्या सीमावादासाठी १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, पुढच्या वर्षी अहवाल आला आणि महाराष्ट्राने तो नाकारला. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. मागणी ८६५ गावांची आहे आणि तिच्यात खानापूर तालुकाही येतो. ती मान्य झाली, तर हा त्रिबिंदू चोर्ल्यावरून उठून दक्षिणेकडे सरकेल. भांडण महाराष्ट्र-कर्नाटकाचं, पण निकाल लागला तर गोव्याच्या त्या बाजूचा शेजारी बदलेल.

बिंदू शोधायचा कसा, हा प्रश्न वेगळा. मोबाइलवरच्या नकाशातली रेषा प्रमाण मानता येत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा घेतला, तर त्यावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. अर्ध्या मिलिमीटरच्या रेघेखालीच २५ मीटर जमीन झाकली जाते. चाकणच्या कारखान्यात मायक्रॉनचा फरक पडला म्हणून जॉब रिजेक्ट करणाऱ्या माणसाला हे सांगितलं तर तो हसेल. त्यातून घनदाट झाडी आणि कड्यांच्या कुशीत फोनचं जीपीएसही भरकटतं. म्हणून खरा आधार जुन्या मोजणीचा: गावाचा नकाशा, शिवेचे दगड आणि ते दगड कुठे होते हे माहीत असलेली म्हातारी माणसं. दोन गावांचा दगड दोघांनी मिळून बसवला की झालं. तीन गावांच्या दगडाला मात्र तिसऱ्या गावाचा माणूस हजर लागतो.

चोर्ल्याच्या टापूत रेषेपेक्षा पाण्याचं भांडण मोठं आहे. कणकुंबीत मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे जाते. तिथून जवळच निघणारे कळसासारखे नाले पश्चिमेला म्हादईत उतरतात. राज्याची हद्द पाणलोटाच्या कण्यावरून गेली असती, तर म्हादईचं सगळं पाणी एकाच बाजूला राहिलं असतं. तशी ती गेलेली नाही. म्हादईच्या २,०३२ चौरस किलोमीटर खोऱ्यापैकी १,५८० गोव्यात, ३७५ कर्नाटकात आणि ७७ महाराष्ट्रात आहेत. २०१० मध्ये लवाद नेमला गेला. १४ ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यात कर्नाटकाला १३.४२, महाराष्ट्राला १.३३ आणि गोव्याला २४ टीएमसी पाणी मिळालं. समाधान कोणाचंच झालं नाही आणि तिघेही सर्वोच्च न्यायालयात गेले.

हिमालयात हाच पेच लष्करासह उभा राहतो. १८९० मध्ये ब्रिटिश भारत आणि चीन यांनी कलकत्त्यात सिक्कीम-तिबेट सीमेचा करार केला. पहिल्याच कलमात दोन गोष्टी एकत्र लिहिल्या: सीमा भूतानच्या हद्दीवरच्या गिपमोची पर्वतापासून सुरू होईल, आणि तीस्तेचं पाणी ज्या कण्याने मोचू नदीच्या पाण्यापासून वेगळं होतं त्या कण्याने जाईल. कागदावर दोन्ही वर्णनं एकमेकांत बसतात, डोंगरात बसत नाहीत. भारत आणि भूतानच्या मते पाणलोटाचा कणा बटांग ला या खिंडीपाशी भूतानच्या सीमेला मिळतो, आणि ती खिंड गिपमोचीच्या कित्येक किलोमीटर उत्तरेला आहे. चीन पर्वताचं नाव धरून बसला आहे. मधल्या पट्ट्यात डोकलाम येतं. भूतान, ज्याच्या हद्दीचा हा प्रश्न, तो करारात नव्हताच. माझ्या मते करार लिहिणाऱ्यांनी पाण्यावर विश्वास ठेवला यात काही चुकलं नाही. जागेवर न जाता ठेवला, तिथे सगळं फसलं.

२०१२ मध्ये भारत आणि चीनच्या विशेष प्रतिनिधींनी मान्य केलं होतं, की त्रिबिंदू संबंधित तिसऱ्या देशाशी बोलूनच ठरवायचे. १६ जून २०१७ रोजी चीनने डोकलाममध्ये रस्ता बांधायला घेतला, दोन दिवसांनी भारतीय जवान आडवे आले, आणि २८ ऑगस्टपर्यंत दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी होती.

पूर्वेच्या टोकाला हेच १९६० मध्ये घडलं होतं. चीन आणि ब्रह्मदेशाने आपली सीमा ठरवताना तिचं टोक दिफू खिंडीपाशी दाखवलं. भारताचं म्हणणं होतं, की तिन्ही देश तिथून पाच मैल उत्तरेला मिळतात. भारत, नेपाळ आणि चीन भिडतात त्या लिपुलेख खिंडीपाशी घोळ नदीच्या उगमाचा आहे. सुगौलीच्या १८१६ च्या तहाने काली नदी नेपाळची पश्चिम हद्द ठरली, पण कोणत्या ओढ्याला काली म्हणायचं यावर आजही एकमत नाही. १९६१ मध्ये नेपाळ-चीन करार झाला, तेव्हा सीमाखांबांची मोजणी टिंकर खिंडीपासून सुरू झाली आणि भारताकडचं टोक मोकळं राहिलं. २०२० मध्ये नेपाळने लिंपियाधुरापर्यंतचा भाग आपल्या नकाशात दाखवला. कैलास-मानसरोवरचे भारतीय यात्रेकरू २०२५ मध्ये पुन्हा जाऊ लागले, त्यातले काही याच लिपुलेखमधून.

आपल्याकडे सैन्य नाही, सातबारा आहे. देहूच्या आसपास हवेली, मावळ आणि खेड हे तीन तालुके भिडतात. पुढे इंद्रायणीच्या दक्षिण काठाला तळवडे, चिखली, मोशी ही महापालिकेची गावं. समोर मोई, निघोजे, कुरुळी ही खेडची, चाकणच्या औद्योगिक पट्ट्याला लागून असलेली. पोलिसांपुरता प्रश्न १५ ऑगस्ट २०१८ ला सुटला: नव्या आयुक्तालयात पिंपरी, चाकण, आळंदी आणि तळेगाव एकत्र आले. नदीचं तसं झालेलं नाही. आळंदीत पाण्यावर फेस आला की तो शहराच्या नाल्यांचा, कारखान्यांचा की काठावरच्या गावांचा, याची चौकशी सुरू होते. नमुना कुठल्या काठावरून घ्यायचा, इथपासून मग वादाला सुरुवात.