बिअरनिर्मितीतील पाण्याचे प्रमाण

बिअर तयार करताना पाणी प्रामुख्याने दोन टप्प्यांत वापरले जाते. मॅशिंग या पहिल्या टप्प्यात माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा, भरडा सुमारे ६५ ते ६८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात साधारण तासभर ठेवतात. माल्टमधील विकरांमुळे पिष्टमयाचे शर्करेत रूपांतर होते. स्पार्जिंग या दुसऱ्या टप्प्यात चोथ्यात अडकलेली शर्करा गरम पाण्याने धुऊन काढतात. मिळणाऱ्या गोड द्रवास वर्ट म्हणतात. वर्ट उकळून, थंड करून त्यात किण्व मिसळले जाते.

== गणना ==
मॅशिंगसाठी दर किलो माल्टमागे साधारणतः २.५ ते ३ लिटर पाणी घेतात. त्यांपैकी सुमारे १ लिटर पाणी चोथा शोषून घेतो. स्पार्जिंगचे पाणी ठरविताना उकळताना होणारी वाफ व भांड्याच्या तळाशी उरणारा गाळ यांची घट धरावी लागते.

उदाहरणार्थ, ५ किलो माल्टपासून २० लिटर वर्ट हवा असून वाफेमुळे ३ लिटर व गाळामुळे २ लिटर घट होत असेल, तर उकळण्यापूर्वी २५ लिटर वर्ट लागेल. मॅशिंगच्या १५ लिटर पाण्यातून ५ लिटर शोषले जाऊन १० लिटर वर्ट मिळतो. म्हणून स्पार्जिंगसाठी १५ लिटर पाणी लागते. एकूण पाणी ३० लिटर होते.

== परिणाम ==
स्पार्जिंगचे पाणी कमी पडल्यास शर्करा चोथ्यातच वाया जाते. ते अधिक झाल्यास वर्ट पातळ होतो. तसेच शेवटच्या धुण्यात आम्लता घटून टरफलांतील टॅनिन उतरते व बिअरला तुरट चव येते. तापमान ७८ अंशांहून वाढल्यासही हा धोका असतो. काही कारखान्यांत शेवटचे सौम्य धुवण पुढील खेपेच्या मॅशिंगसाठी वापरून पाणी व शर्करा दोन्ही वाचवितात.

== मराठवाड्यातील संदर्भ ==
छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज औद्योगिक वसाहतीत बिअरचे कारखाने आहेत. या परिसराचा पाणीपुरवठा जायकवाडी धरणावर अवलंबून आहे. कारखान्यात वरील पाण्याखेरीज धुलाई व शीतकरणासाठीही पाणी लागते. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती उद्योगांच्या पाण्यात १० मेपासून ६० टक्के कपात करण्याचा आदेश दिला होता.

== कायदा ==
अनेक देशांत स्वतःच्या वापरासाठी घरी बिअर बनविण्यास मुभा आहे. महाराष्ट्रात मात्र महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये परवान्याशिवाय मद्यनिर्मिती करणे गुन्हा आहे.