मागचे बुश : गॅरेजमध्ये ऐकलेलं आणि खरं

बदलापुरात खरवईच्या एमआयडीसीकडून कर्जत रस्त्याला लागायचं तर टँकर, गतिरोधक आणि पाण्याने भरलेले खड्डे चुकत नाहीत. पंधरा वर्षं उलटलेली मारुती ८००, अल्टो किंवा वॅगनआर या रस्त्यावर मागून खट्खट् करायला लागली की निदान ठरलेलं असतं : ‘शॉकअप गेले.’ दोन्ही शॉकअप नवे बसतात, आठवडाभर बरं वाटतं आणि आवाज पुन्हा सुरू होतो.

शॉकअपचं काम स्प्रिंगची उसळी आवरण्याचं. ते गेले की बाहेरून तेल ओघळलेलं दिसतं, गाडी खड्ड्यानंतर डुलत राहते. अॅक्सल आपल्या जागी धरून ठेवणं हे काम त्याला बॉडीशी जोडणाऱ्या आर्मच्या टोकांतल्या बुशचं. अॅक्सिलरेटर सोडताना किंवा ब्रेक लावताना मागे ‘टक्’ वाजत असेल, ओव्हरटेक करताना मागचा भाग क्षणभर उशिरा वळल्यासारखा वाटत असेल, तर संशय आधी बुशवर घ्यावा. गाडी जॅकवर उचलून, खाली स्टँड लावून, आर्म आणि ब्रॅकेटच्या फटीत पहार घालून हलवलं की पाच मिनिटांत कळतं. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली मात्र कोणी शिरू नये.

बुश मुठीत मावतो. बाहेर एक लोखंडी नळी, आत दुसरी, मध्ये रबर. रबर नुसतं कोंबलेलं नसतं. साच्यात उष्णता आणि दाब देऊन ते नळ्यांना पक्कं चिकटवलेलं असतं. आतली नळी बोल्टने बॉडीच्या ब्रॅकेटमध्ये आवळली जाते, बाहेरची आर्मच्या भोकात प्रेसने घट्ट बसते. चाक वरखाली होतं तेव्हा यातलं काहीच कशावर घसरत नाही. रबर पिळलं जातं आणि सुटतं, इतकंच. ही गोष्ट लक्षात घेतली की बाकीचे बहुतेक गैरसमज आपोआप गळून पडतात.

उदाहरणार्थ, ‘पावसाळ्याआधी खालून ऑइल मारून घ्या, बुश टिकतात.’ हा सल्ला ट्रकवरून आलेला असावा. कमानपाट्यांच्या ट्रकला गनमेटलचे बुश असतात, त्यात पिन फिरते, म्हणून निपलमधून ग्रीस भरावंच लागतं. रबरी बुशमध्ये काही फिरतच नाही, तर ग्रीस कशाला? उलट नैसर्गिक रबर इंजिन ऑइल आणि डिझेल शोषून घेतं, फुगतं, मऊ पडतं आणि नळीपासून सुटतं. करकर चार दिवस थांबते, म्हणून उपाय लागू पडल्यासारखा वाटतो. बसवताना ओलावा हवाच असेल तर साबणाचं पाणी पुरे.

‘गाडी पुरात होती, रबर कुजलं असणार’ हेही तसंच. २०१९च्या जुलैत उल्हास नदी फुगली, महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ अडकली, तेव्हा बदलापुरात कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. पाण्याने रबराचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते लोखंडाचं. बोल्ट आणि आतली नळी गंजून एकजीव होतात. पाना लावला की बोल्ट फिरतो, पण त्याच्यासोबत नळीही फिरते आणि रबर फाटतं. बोल्ट बाहेर येतच नाही. मग घण येतो, आणि घणाने भागलं नाही की गॅस कटर. या गाड्यांत पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली असते, ट्रेलिंग आर्मच्या पुढच्या बोल्टांपासून हातभर अंतरावर. तिथे ज्योत नेणाऱ्या मिस्त्रीला थांबवायलाच हवं. आदल्या रात्री बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवायचं, तरीही नाही हलला तर नळीच्या दोन्ही बाजूंनी हॅक्सॉ ब्लेडने कापायचा. वेळखाऊ काम आहे, त्याची मजुरी कुरकुर न करता द्यावी. आणि नवा बुश बसवताना गंजका बोल्ट परत घालू नये.

बारीक चिरा दिसल्या म्हणजे बुश गेला, असंही नाही. हवेतल्या ओझोनने रबराच्या वरच्या थरावर बारीक रेघा येतातच. रबर नळीपासून सुटलंय का, चीर खोल गेलीय का, आतली नळी मधोमध आहे की एका बाजूला बसलीय, हे पाहायचं.

आता निवडीकडे. ‘जितका कडक बुश तितका मजबूत’ हा समज सगळ्यात महाग पडतो. यातूनच लेथवर नायलॉनचे बुश कातून घेतले जातात, आणि जरा हौशी मालक लाल-पिवळे पॉलीयुरेथेनचे बुश मागवतात. नायलॉन पिळलं जात नाही. एवढ्यावरच तो विषय संपतो. पॉलीयुरेथेनचं थोडं सविस्तर सांगायला हवं. ते रबरासारखं नळीला चिकटलेलं नसतं, आतल्या नळीवर घसरतं. म्हणून त्याला सिलिकॉन ग्रीस लागतं, ते सुकलं की करकर सुरू. शिवाय ८००, अल्टो, जुनी वॅगनआर यांचा मागचा अॅक्सल दोन ट्रेलिंग आर्म आणि एक आडवा लॅटरल रॉड यांनी बांधलेला असतो. एकच चाक खड्ड्यात गेलं की अॅक्सल कलतो आणि आर्मला नुसतं वरखाली नव्हे, थोडं तिरकंही व्हावं लागतं. मऊ रबर ते होऊ देतं. कडक बुश ते अडवतो आणि तो ताण बॉडीवरच्या ब्रॅकेटवर टाकतो. वीस पावसाळे काढलेल्या गाडीत गंजलेला भाग नेमका तोच. बुश शाबूत राहील, ब्रॅकेट फाटेल. ‘पॉली आयुष्यभर टिकतं’ हेही सरसकट खरं नाही : पॉलिएस्टर जातीचं पॉलीयुरेथेन दमट, उष्ण हवेत पाण्यानेच हळूहळू तुटत जातं, पॉलिइथर जातीचं त्या मानाने टिकाऊ. पाकिटावर जात लिहिलेली नसेल तर कोकणपट्टीच्या हवेत तो जुगार आहे. शर्यतीच्या गाडीला पॉली शोभतं. ऑफिस आणि बाजारहाटाच्या गाडीला साधं रबर द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुकानाबद्दलही बरंच बोललं जातं. उल्हासनगरचा माल म्हटलं की ‘मेड इन यूएसए’चा (म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’चा) जुना विनोद निघतो. पण बुश कोणत्या गावातून आणला यावरून त्याची प्रत ठरत नाही, आणि खोकं ओरिजिनल दिसतंय यावरूनही नाही. मॉडेलच्या नावावर मागू नका, पार्ट नंबर सांगा. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक भाग बदललेले असतात. जुना बुश सोबत न्या, व्हर्नियरने बाहेरचा व्यास आणि आतल्या नळीची लांबी ताडून पाहा. आर्ममध्ये हाताने सरकून बसणारा बुश चुकीचाच. दुसरी बाजूही पाहा : मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं. कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिलेलं अस्सल रबरसुद्धा कडक होतं. खोक्यावर महिना आणि साल छापलेलं असतं, ते वाचा. अस्सल पण जुनाट भागापेक्षा नावाजलेल्या कंपनीचा ताजा बुश बरा.

एकाच बाजूचा बदलून पैसे वाचत नाहीत. एक बाजू ताठ, दुसरी सैल, अशी गाडी सरळ चालत नाही. अलाइनमेंट करून मागचा दोष जाईल, ही आशाही सोडा. या गाड्यांच्या मागच्या अॅक्सलला फिरवून जुळवायला काही नसतंच.

शेवटचा गैरसमज मालकांचा नाही, बऱ्याच गॅरेजांचा आहे : ‘बोल्ट घट्ट आवळला की काम झालं.’ गाडी वर उचललेली असते, चाकं लोंबकळत असतात, आर्म खाली झुकलेले असतात. त्याच स्थितीत बोल्ट आवळला तर आतली नळी तिथेच पकडली जाते. गाडी जमिनीवर आली की आर्म वर येतो आणि रबर उभ्या जागी पिळलेलं राहतं, रात्रंदिवस. त्यावर प्रत्येक खड्ड्याचा पीळ वेगळा. चांगला बुश काही महिन्यांत फाटतो आणि दोष कंपनीला जातो. म्हणून बोल्ट आधी सैलसर लावायचे, गाडी जमिनीवर उतरवायची, दोन-तीनदा मागून दाबून बसू द्यायची, आणि मग पिटमध्ये उतरून टॉर्क पान्याने आवळायचे. सुझुकीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्येही हेच सांगितलंय. स्विफ्टसारख्या टॉर्शन बीमच्या गाडीत आणखी एक पथ्य : बुशच्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात, त्यांची दिशा जुन्याप्रमाणेच हवी. जुना काढण्याआधी आर्मवर खूण करून घ्या.

गाडी ताब्यात घेताना बिल पाहण्याआधी मेकॅनिकला विचारा : ‘शेवटचा पाना मारला तेव्हा चाकं जमिनीवर होती ना?’ तो अडखळला, तर बोल्ट तिथेच, तुमच्यासमोर सैल करून पुन्हा आवळून घ्या.