मानेला झटका देण्याचे उपचार आणि धमनीची सुरक्षितता

पुण्यातील केशकर्तनालयांत डोक्याच्या मालिशनंतर मान झटक्याने वळवून ‘कट्’ असा आवाज काढण्याची प्रथा परिचित आहे. अमेरिकेत १८९५ साली डी. डी. पामर यांनी सुरू केलेल्या कायरोप्रॅक्टिक पद्धतीतही प्रशिक्षित उपचारक मानेला असाच झटका देतात. ही क्रिया कितपत सुरक्षित आहे, याचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

मेंदूच्या मागील भागास रक्त पुरविणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतील छिद्रांतून वर जातात व पहिल्या मणक्यावर वळसा घेतात. तेथे अस्तरास चीर पडल्यास गुठळी होऊन पक्षाघात संभवतो. असे प्रसंग दुर्मीळ असले तरी गंभीर असतात.

परंतु कारण ठरविणे सोपे नाही. कॅनडातील आँटॅरिओ प्रांतातील अशा ८१८ पक्षाघातांचा अभ्यास कॅसिडी व सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केला. ४५ वर्षांखालील रुग्णांत कायरोप्रॅक्टरच्या भेटीशी जो संबंध आढळला, तो सामान्य डॉक्टरांच्या भेटीशीही आढळला. म्हणजे आधीच पडलेल्या चिरेच्या वेदनेमुळेच हे रुग्ण उपचारास गेले असावेत.

यातून झटका निर्दोष ठरत नाही. उलट, ज्या मानेत चीर असू शकते, तीच मान उपचारकाच्या हाती येते. म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ साली, कार्यकारणभाव सिद्ध नसतानाही, रुग्णास पूर्वकल्पना देण्याची शिफारस केली. अचानक उद्भवलेली अपरिचित मानदुखी, भोवळ, दुहेरी दृष्टी वा अडखळती वाचा असल्यास झटका टाळून तातडीने रुग्णालय गाठावे. केशकर्तनालयात ही विचारपूस सहसा होत नाही. ती ग्राहकाने स्वतःच करावयास हवी.