कोजागरीची गच्ची

घरी चार माणसे बोलवायची म्हटले, की आपल्या मनात पहिला प्रश्न उठतो तो 'करायचे काय?' हा. गेल्या वर्षी माझी मुलगी सुट्टीवर आली होती. कोजागरीला दहाबारा मंडळी बोलवावीत असे ठरले, तेव्हा तिने निराळाच प्रश्न केला. "आई, थीम काय ठेवायची?" म्हणाली. मला हसूच आले. कोजागरीला आणखी कसली थीम हवी? वर चंद्र, खाली दूध, पोहे आणि नारळ. सारे कसे पांढरेशुभ्र! माझ्या पणजीने हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. पण एक सूत्र धरून त्याभोवती पानातले, पेल्यातले आणि अंथरायचेदेखील ठरवायचे, ही गोष्ट ती दर वर्षी करीत होती.

आश्विनातल्या या पौर्णिमेला मध्यरात्री लक्ष्मी 'को जागर्ति?', म्हणजे 'कोण जागे आहे?' असे विचारीत फिरते, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. जुन्या व्रतात देवाला आणि पितरांना पोहे व नारळाचे पाणी अर्पण करून मग ते आप्तेष्टांना द्यावे, आपण घ्यावे आणि सोंगट्या खेळून रात्र जागवावी, असे सांगितले आहे. पाहुणे, खाणे, पेय आणि खेळ, सगळे आले की नाही यात? आटवलेले दूध आज आपल्याकडे मुख्य होऊन बसले आहे. पण पोहे आणि नारळ यांचा मान जुना.

आमच्या बडोद्यात या रात्रीला दोन नावे आहेत. दांडिया बाजारातल्या मराठी घरांत ती कोजागरी, आणि शेजारच्या गुजराती घरांत शरद पूनम. गायकवाडांच्या मागोमाग आमचे पूर्वज येथे आले. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १ मे १९६० रोजी गुजरात राज्य झाले. आम्ही होतो तेथेच राहिलो. त्यामुळे आमच्या गच्चीवर मसाल्याच्या दुधाचा वास आणि पलीकडच्या गच्चीवर मलमलीने झाकलेले दूधपौंव्यांचे पातेले, हे दृश्य मी लहानपणापासून पाहत आले. खाली चौकात गरबा चाललेला असे. दुसऱ्या दिवशी चांदनी पडवा. त्या दिवशी सुरतेकडे घारी खातात, आणि सुरतेहून कोणी येणारे असले तर आमच्याही घरी ती पोचे.

आता थोडे घरचे सांगते.

माझ्या लहानपणी, १९७० नंतरच्या त्या वर्षांत, आमचे घर तीन मजल्यांचे होते. स्वयंपाकघर तळमजल्यावर आणि गच्ची अगदी वर. वडिलांचा मित्रपरिवार मोठा. कोजागरीला पंचवीस-तीस माणसे सहज जमत. गाणी होत, पत्त्यांचे डाव पडत. संध्याकाळी आई मला ओवाळी, कारण आश्विनी पौर्णिमेला ज्येष्ठ अपत्याला ओवाळायचे असते. आणि त्यानंतर ती जी खाली जाई ती खालीच. बटाटेवडे गरम हवेत म्हणून घाण्यामागून घाणा काढायचा. मी आणि धाकटा भाऊ ताटल्या घेऊन जिन्यावरून वरखाली करीत असू. मग दूध. मग कोणाला तरी चहा. शेवटचा पाहुणा गेल्यावर, एक-दीड वाजता, आई पदराला हात पुशीत वर येई. "सगळ्यांना पुरले ना दूध?" हा तिचा पहिला प्रश्न असे. तिच्या वाट्याला पातेल्याच्या तळचे, थोडे लागलेले दूध येई. चंद्र तोवर शेजारच्या घराच्या भिंतीकडे कललेला असे.

त्या वयात यात काही चुकते आहे असे मला वाटले नाही. आई खाली आणि पाहुणे वर, हा जणू घराच्या बांधणीचाच भाग होता.

लग्नानंतर मीही तेच केले. सात-आठ वर्षे मीही कोजागरी कढईतच पाहिली. मग एका वर्षी शेजारच्या बेन, आमच्या घरी यायच्या म्हणून, आपले पातेले घेऊन आल्या. दुपारीच सगळे करून ठेवलेले. पातेले गच्चीवर ठेवले, वर मलमलीचे फडके बांधले आणि सतरंजीवर ऐसपैस बसल्या. माझी धावपळ थोडा वेळ पाहिली आणि हसून म्हणाल्या, "भाभी, बेसो ने! अमारुं तो चांदो रांधे." त्यांचे आपले चंद्रच रांधतो! सगळे हसले. मीही हसले आणि पुढचा घाणा काढायला खाली गेले. पण ते वाक्य माझ्याबरोबर खाली आले.

पुढच्या वर्षी मी वडे केले नाहीत. एका पाहुण्यांनी विचारलेच, "यंदा वडे नाहीत वाटते?" माझा चेहरा उतरला. तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "आहे ते खा की! तिलाही बसू दे जरा." त्या बाईंनी आयुष्यभर किती कोजागऱ्या खाली काढल्या असतील, हे मला त्या एका वाक्यात कळले.

तेव्हापासून मी जो बेत ठरवला तो येथे देते. नियम दोनच. खायचे ते सारे पाहुणे येण्यापूर्वी तयार हवे. आणि जे चुलीवर करायचे ते पाहुण्यांच्या समोर, गच्चीवर. 'पांढरे' या एका सूत्राने पदार्थांची यादी आपोआप आखूड होते. तळण रंगाने बाद, हळद बाद, आणि त्याबरोबर निम्मी दगदगही बाद.

बारा माणसांचा हिशेब असा. आदल्या दिवशी सकाळी तीन वाट्या तांदूळ आणि एक वाटी उडदाची डाळ वेगवेगळी भिजत घालावी. संध्याकाळी वाटून, थोडे आंबट दही घालून रात्रभर ठेवावी. दुसऱ्या दिवशी दुपारी मीठ घालून ताटल्यांत पातळ थर ओतावा, वर भरड मिरपूड भुरभुरावी आणि वाफवून घ्यावे. हे गुजराती इदडे. गारही चांगले लागतात. बरोबर ओल्या नारळाची चटणी. मिरची हिरवी असली तरी बेताने, म्हणजे चटणीचा रंग बिघडत नाही.

दुसरा पदार्थ दडपे पोहे. अर्धा किलो पातळ पोह्यांना दीड नारळाचा चव, बारीक चिरलेले चार कांदे, मीठ, किंचित साखर आणि लिंबू. नारळ फोडताना निघालेले पाणी वरून शिंपडावे. मोहरी, हिंग आणि मिरचीची फोडणी, हळदीवाचून. नीट कालवून ताटलीखाली अर्धा तास दडपून ठेवावेत. गॅस पेटवायचा तो फोडणीपुरता. व्रतातले पोहे आणि नारळ हे दोन्ही असे एकाच पातेल्यात येतात.

याच सुमारास नवा शिंगाडा आणि नवी भुईमुगाची शेंग खंडेराव मार्केटात येते. उकडलेले शिंगाडे आणि शेंगा मोठ्या परातीत मधोमध ठेवाव्यात. सोलायला वेळ लागतो, आणि सोलता सोलता गप्पा रंगतात. अनोळखी पाहुण्यांना एकमेकांशी बोलते करायला शेंगांच्या परातीसारखा दुसरा उपाय नाही. प्यायला प्रथम शहाळ्याचे पाणी. ज्यांना दूध चालत नाही त्यांच्यासाठी ते शेवटपर्यंत राखून ठेवावे, म्हणजे मध्यरात्री त्यांचाही पेला रिकामा राहत नाही.

हे खाणे नऊपर्यंत उरकावे. मग दूध आणि दही-लिंबाचे आंबट यांत चांगले अंतर पडते. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि मध्यरात्रीला आपल्याकडे जवळजवळ डोक्यावर येतो. तेव्हा घाई कशाची नाहीच.

दहा वाजता दूध चढवावे. गच्चीच्या आडोशाच्या कोपऱ्यात छोटी शेगडी, वर जाड बुडाचे पसरट लंगडी पातेले. पातेले आधी पाण्याने विसळून ओले ठेवावे, म्हणजे दूध लवकर धरत नाही. तीन लिटर म्हशीचे दूध मंद आचेवर पाऊण होईपर्यंत आटवावे आणि कडेची साय खरवडून पुन्हा आत सोडावी. बदाम पन्नास ग्रॅम, पिस्ते व चारोळी पंचवीस-पंचवीस ग्रॅम, आठ-दहा वेलदोडे, हे दुपारीच भरड करून डबीत भरलेले असावे. चिमूटभर केशर कोमट दुधात खललेले. त्याने दुधाला किंचित पिवळी झाक येते. पण चंद्र तरी कुठे अगदी पांढरा असतो? जायफळ शेवटी, उतरवताना, आणि तेही किसणीवर दोनदाच फिरवून. अधिक झाले तर पाहुणे बसल्या जागी पेंगतात, अशी आमच्याकडे थट्टा आहे. दर माणशी एक लहान पेला होतो, आणि तेवढाच बरा. साखर मी दीडशे ग्रॅमच घालते आणि उरलेली वाटीत ठेवते. हल्ली मधुमेह घरोघरी आहे. त्या मंडळींसाठी साखर घालण्यापूर्वीच दूध काढून ठेवावे. आटलेल्या दुधात मूळची साखर असतेच, तेव्हा त्यांना पेला आणखी लहान.

दूधपौंवे करायचे असतील तर दूध उकळून पुरते गार करावे. त्यात साखर, वेलदोडा आणि धुऊन निथळलेले पातळ पोहे घालावेत. मात्र आश्विनात बडोद्याची रात्र काही थंड नसते. पूर्वी पातेले रात्रभर उघड्यावर ठेवीत. आता दूध दोन तासांपलीकडे बाहेर ठेवू नये हे आपल्याला कळते. म्हणून पातेले बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवावे, चांदणे लागले की वाढून संपवावे आणि उरलेले फ्रिजमध्ये टाकावे.

मांडणीला खर्च नाही. गच्चीवर सतरंज्या, त्यांवर पांढऱ्या चादरी, म्हाताऱ्यांसाठी खुर्च्या, एका तांब्यात निशिगंधाच्या काड्या. विजेचे दिवे बंद. फक्त जिन्यावरचा चालू ठेवावा, नाही तर कोणी तरी पायरी चुकते. सोंगट्या असल्या तर उत्तम, नसल्या तर गाण्याच्या भेंड्या. आणि पाहुण्यांना आधी सांगून ठेवावे, की दूध पाळीपाळीने ढवळायचे आहे. पाहुण्याला काम सांगू नये ही आपली शिकवण खरी. पण हातात डाव आला की माणूस परका राहत नाही, हा माझा अनुभव आहे.

गेल्या वर्षी मुलीने या बेतात एकच भर घातली. "आजीला वर आणायचे," म्हणाली. आई आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे आणि गुडघ्यांनी जिन्याशी कधीच फारकत घेतली आहे. दोन तरुण पाहुण्यांनी तिला खुर्चीसकट उचलून वर आणले. ती सारा वेळ "अरे, पडाल, पडाल" म्हणत होती. तिला शेगडीजवळ बसवले. त्या वेळी दूध ढवळण्याची पाळी माझ्या यजमानांची होती. त्यांचा हात तिने दोन मिनिटे निरखला आणि म्हणाली, "खालून ढवळा हो, लागेल." त्यांनी मुकाट्याने खालून ढवळले.

दूध तयार झाले तेव्हा पातेल्यातला पहिला पेला आम्ही तिला दिला. तिने तो चंद्रापुढे धरला, एक घोट घेतला आणि म्हणाली, "साखर कमी आहे." मी वाटी पुढे केली.

साडेबारा वाजले. मंडळी निघायला लागली. दव पडू लागले होते. तिला थंडी बाधेल म्हणून मी शाल घेऊन गेले आणि म्हटले, "आई, चल, आता खाली नेऊ या तुला."

तिने पेला मांडीवर ठेवला आणि मान वर केली.

"थांब गं जरा," ती म्हणाली. "खाली कोणाचे काय अडले आहे?"