गंजून बसलेला नट-बोल्ट घरी कसा काढावा

वळवाची पहिली सर येऊन गेली म्हणजे नांगराची आठवण होते आणि फाळाचा बोल्ट हलत नाही, हेही त्याच वेळी ध्यानात येते. मागील हंगामानंतर नांगर चिखलासह तसाच पडून राहिलेला असतो. मग पान्याच्या दांड्यावर नळी चढवून दोघेजण जोर लावतात. नटाचे कोपरे झिजून तो गोल होतो, नाहीतर बोल्टच मोडतो. लोहाराकडे खेप घालण्यात दोन दिवस जातात व तेवढ्यात वाफसा निघून जातो.

लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे आट्यांमधील बारीक फट भरून नट जखडला जातो. अशा वेळी ‘आणखी एक माणूस बोलवा’ हा आपल्याकडील नेहमीचा उपाय महागात पडतो.

प्रथम तारेच्या ब्रशाने बोल्टचे उघडे आटे स्वच्छ करावेत. गंज सोडविणारे पातळ तेल दुकानात मिळते. ते नसल्यास डिझेल चालते, मात्र त्यास वेळ अधिक लागतो. तेल नटाच्या मुळाशी सोडून रात्रभर मुरू द्यावे व मधून मधून पुन्हा सोडावे. नंतर नटाच्या एका बाजूस जड हातोडा टेकवून समोरच्या बाजूवर दुसऱ्या हातोड्याने हलके ठोके द्यावेत. त्याने गंजाची पकड सुटते. बिडाच्या भागावर मात्र ठोका बसू देऊ नये, बीड तडकते.

आता नेमक्या मापाचा पाना लावून नट आधी किंचित आवळावा, मग सोडवावा. साधा नट समोरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सुटतो. नट गोल झाला असेल, तर त्याच्या समोरासमोरच्या दोन बाजू कानशीने सपाट कराव्यात; म्हणजे लहान मापाचा पाना बसतो.

फाळाच्या बोल्टची एक निराळी अडचण आहे. त्याच्या डोक्याखालचा चौकोनी भाग झिजला, की नटाबरोबर बोल्टही फिरू लागतो. अशा वेळी डोक्यावर करवतीने खाच पाडून तीत जाड पेचकस धरावा व नट फिरवावा. तेही न साधल्यास बोल्टचा मोह सोडावा. नट बोल्टलगत, पण त्याला समांतर असा करवतीने कापीत आणून छिन्नीच्या एका घावाने फोडावा. डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय हे काम करू नये.

नट तापविल्याने तो प्रसरण पावून सुटतो हे खरे. परंतु फाळ तापला तर त्याला दिलेले पाणी उतरते व तो लवकर झिजतो. तेल लावलेल्या भागाजवळ ज्योत नेल्यास पेट घेण्याचे भय असते. जस्ताचा मुलामा असलेला बोल्ट तापविला तर विषारी धूर निघतो. म्हणून तापविण्याचे काम लोहाराकडेच द्यावे.

जुना बोल्ट फेकून देऊ नये. तोच दुकानात नमुना म्हणून न्यावा, म्हणजे जाडी व आटे जुळतात. ट्रॅक्टरच्या अवजाराचा असेल, तर डोक्यावरील ८.८ सारखा आकडाही पाहून घ्यावा. त्याजागी मऊ बोल्ट टिकत नाही. नव्या बोल्टच्या आट्यांना थोडे ग्रीस लावावे आणि पहिले चार फेरे पान्याने न देता बोटांनीच द्यावेत. बोटांनी फिरत नसेल, तर नट तिरपा बसला आहे; तो काढून पुन्हा लावावा.